हाताखालची वर्षं

'अमक्याच्या हाताखाली तयार झाला' असं आपण गवंड्याबद्दल म्हणतो, शिंप्याबद्दल म्हणतो, तबलजीबद्दलही म्हणतो. सर्जनच्या बाबतीत ते अक्षरशः खरं असतं. पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर रुग्णाच्या डाव्या अंगाला रिट्रॅक्टर धरून उभा असतो आणि पलीकडून वरिष्ठाचा हात येऊन त्याच्या हाताचा कोन बदलतो. "ओढू नकोस, नुसतं धर." वर्ष-दीड वर्षाने जागा बदलतात. विद्यार्थी उजव्या अंगाला, सर्जनच्या जागी येतो आणि सर समोर जातात. समोरचा हात आता कधी वाट दाखवतो, कधी आडवा येऊन थांबवतो, कधी हिरव्या कापडावर नुसता पडून राहतो. आणि मग एका रात्री तो हात ग्लोव्ह काढतो नि "मी बाहेर चहा घेतोय, लागलं तर हाक मार" म्हणून निघून जातो.

जनरल सर्जरीचं प्रशिक्षण म्हणजे तो हात टेबलावरून चहाच्या कपापर्यंत कसा जातो याची हकिकत. फार लवकर गेला तर रुग्ण दगावतो. गेलाच नाही तर सर्जन तयार होत नाही, आणि मग दहा वर्षांनी कुठल्याशा तालुक्याच्या गावी दुसरेच रुग्ण दगावतात.

पुढची प्रकरणं ज्यांच्यासाठी लिहिली आहेत ते वाचक दोन तऱ्हेचे आहेत. एमएसला प्रवेश मिळून पहिल्या महिन्यातच 'आपण चुकलो की काय' असं वाटू लागलेले, आणि ज्यांचा मुलगा, मुलगी, नवरा किंवा बायको अशी तीन वर्षं काढते आहे पण घरी फोनवर "झोपतोय, नंतर बोलू" यापलीकडे काही सांगत नाही असे. दोघांचंही स्वागत. ऑपरेशन कसं करावं हे या पुस्तकात नाही. त्यासाठी पाठ्यपुस्तकवाले बेली आणि लव्ह आहेत, १९३२ पासून आहेत, आणि दर आवृत्तीला अधिक जाड होत आहेत. ऑपरेशन करणारा माणूस कसा घडतो, एवढाच इथला विषय.

हा विषय आपल्याकडे जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात नववा अध्याय आहे, योग्यासूत्रीय. 'योग्या' म्हणजे सराव. छेद घ्यायला शिकायचं ते कोहळ्यावर, दुधीवर, काकडीवर. पाण्याने नाहीतर चिखलाने भरलेल्या कातडी पिशवीवर भेदन. शीर टोचायची ती मेलेल्या जनावराची, नाहीतर कमळाचा देठ. किडीने पोखरलेल्या लाकडात सळई घालून जखमेचा माग काढायला शिकायचं. टाके घालायचे जाड कापडावर आणि मऊ चामड्यावर. पट्ट्या बांधायच्या माणसाएवढ्या बाहुल्यावर. आणि कितीही ग्रंथ पढलेला असला तरी ज्याने योग्या केली नाही तो प्रत्यक्ष कर्माला अयोग्यच, असं ग्रंथकार बजावतो. शब्दाशी खेळ करून त्याने इतक्या जुन्या काळी जे सांगितलं, ते आजच्या अभ्यासक्रमात 'सिम्युलेशन' या नावाने परत आलं आहे. आमच्या वेळी कौशल्य-प्रयोगशाळा नव्हत्या. थिएटरमधून उरलेला सिल्कचा तुकडा खिशात असायचा आणि गाठीचा सराव खाटेच्या दांडीवर, एप्रनच्या बटणावर, मेसच्या खुर्चीच्या हातावर चालायचा. वसतिगृहात कुणाच्या खोलीच्या कडीला दोऱ्यांच्या शंभर गाठी लोंबत असल्या की समजावं, इथे जेआर वन, म्हणजे पहिल्या वर्षाचा निवासी, राहतो.

परंपरेच्या अभिमानात मात्र एक गोष्ट निसटते, ती पुण्याच्या संदर्भात सांगतो. ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये कावसजी नावाच्या गाडीवानाची हकिकत छापून आली. इंग्रजी फौजेबरोबर असताना तो टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला, त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुण्याजवळच्या एका वीट करणाऱ्या जातीच्या माणसाने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. नाकाचा मेणाचा साचा कपाळावर ठेवून आधी कातडीची आखणी केली होती. त्या वृत्तान्तावरून प्रेरणा घेऊन लंडनच्या जोसेफ कार्प्यूने १८१४ मध्ये तेच ऑपरेशन केलं, आणि कपाळाच्या कातडीचं नाक जगभर 'भारतीय पद्धत' म्हणून ओळखलं जाऊ लागलं. पण ज्याने ते केलं त्याचं नाव कुणी टिपून ठेवलं नाही. तो कुणाकडे शिकला, त्याची किती नाकं बिघडली, बिघडल्यावर त्याने काय बदललं, याची एक ओळ नाही. बापाच्या हाताखाली मुलगा शिकला आणि ज्या घरात मुलगा शिकला नाही तिथे विद्या संपली. विद्यापीठाचं रुग्णालय इथे वेगळं ठरतं. तिथे हात घराण्याबाहेरच्या माणसाला शिकवतो, आणि बिघडलेल्या नाकाची नोंद ठेवावी लागते.

आजची निवासी पद्धत जिथून आली ते ठिकाण अमेरिकेतलं बाल्टिमोर. १८८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडलं आणि विल्यम हॉल्स्टेड तिथला मुख्य सर्जन झाला. तरुणपणी दोन वर्षं तो व्हिएन्ना, लाइपझिग अशा ठिकाणी हिंडून जर्मन पद्धत पाहून आला होता. तिथे प्राध्यापकाच्या हाताखाली वर्षानुवर्षं साहाय्यक राहत आणि जबाबदारी पायरीपायरीने वाढत जाई. हॉल्स्टेडने तेच आणलं. साहाय्यकांनी रुग्णालयातच राहायचं, म्हणून 'रेसिडेंट'. रचना शंकूसारखी: खाली बरेच, वर एकच. तीस वर्षांहून अधिक काळात त्याच्या हाताखालून पूर्ण शिकून बाहेर पडलेले मुख्य निवासी अवघे १७. पण त्यांतल्या बहुतेकांनी पुढे स्वतःच्या शाळा काढल्या आणि पद्धत देशभर गेली.

हॉल्स्टेड हा माणूस विलक्षण होता. १८८२ मध्ये मध्यरात्री त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपल्या आईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन केलं. कोकेनची बधिरता स्वतःवर आजमावताना त्याला कोकेनचं व्यसन लागलं, ते सोडवताना मॉर्फिनचं लागलं, आणि ते आयुष्यभर राहिलं. थिएटरमधल्या कॅरोलिन हॅम्प्टन या नर्सचे हात जंतुनाशकाने सोलवटले म्हणून त्याने गुडइयर कंपनीकडून रबरी हातमोजे करून घेतले. १८९० मध्ये तिच्याशी लग्न केलं, आणि रुग्णाच्या भल्यासाठी म्हणून ते हातमोजे सगळ्यांनी घालायला आणखी काही वर्षं लागली. १९२२ मध्ये पित्तनलिकेतल्या खड्यांसाठी त्याच्यावर शेवटचं ऑपरेशन झालं, ते करणारे त्याचेच शिष्य होते. त्यातून तो वाचला नाही. आपण घडवलेल्या हातांखाली झोपण्याइतका विश्वास या माणसाने दाखवला, हे मला त्याच्या सगळ्या शोधांपेक्षा मोठं वाटतं.

शंकूचा दोष उघड होता. आठ वर्षं राबून ज्याला वरची एकमेव जागा मिळाली नाही तो अर्धवट सर्जन म्हणून बाहेर पडे. १९३० च्या दशकाच्या शेवटी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात एडवर्ड चर्चिलने शंकूचा चौकोन केला: जितके आत घेतले तितक्यांना पूर्ण शिकवायचं. आपल्याकडे जे आहे त्यात दोन्हींचं मिश्रण आहे आणि वर इंग्रजी राजवटीतली नावं. मुंबईत परवापरवापर्यंत पहिल्या वर्षाच्या मुलाला 'हाउसमन' आणि पुढच्याला 'रजिस्ट्रार' म्हणत. जेजे आणि ग्रँट मेडिकल कॉलेजची परंपरा १८४५ पासूनची, परळचं केईएम आणि शेठ जीएस १९२६ चं, ससून १८६७ चं. १९९८ मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं आणि राज्यातली वैद्यकीय महाविद्यालयं एका छत्राखाली आली. तेव्हा 'विद्यापीठाचं रुग्णालय' हा शब्द आपल्याकडे जरा गमतीचाच आहे. विद्यापीठ नाशिकला, रुग्णालय सोलापुरात किंवा नांदेडात, आणि निवासी डॉक्टरची विद्यापीठाशी गाठ पडते ती प्रबंधाचा आराखडा पाठवताना नि परीक्षेचा अर्ज भरताना. त्याचं खरं विद्यापीठ म्हणजे युनिट.

युनिट म्हणजे एक प्रमुख, दोन-तीन लेक्चरर, आणि तीन वर्षांचे निवासी. शिवाय सिस्टर, मामा आणि मावशी. नव्याने आलेल्याला ड्रेसिंगची ट्रॉली कशी लावायची, कुठल्या खाटेवरचा नातेवाईक रात्री दारू पिऊन येतो, रक्तपेढीत कुणाशी गोड बोलावं हे सगळं मामाच शिकवतात. पदवीप्रमाणपत्रावर त्यांची सही नसते एवढंच. आठवड्याची चौकट ठरलेली: ओपीडीचा दिवस, ओटीचे दिवस, आणि 'इमर्जन्सी', म्हणजे ज्या दिवशी दारात येईल ते सगळं आपल्या युनिटचं. इमर्जन्सी सकाळी सुरू होते. संपते कधी, हे ज्याने केली आहे त्याला विचारू नये.

पहिल्या वर्षी हातात चाकू येतो तो गळवं फोडण्यापुरता. बाकी वेळ सलाइन लावणे, रक्त काढणे, रायल्स ट्यूब, कॅथेटर, मधुमेह्यांच्या पायांची ड्रेसिंग्ज, एक्सरे हातात घेऊन धावणे. अलीकडे त्यात योजनेची भर पडली आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पेशंट बसतो का, रेशन कार्ड आणलं का, मंजुरीसाठी फोटो चढवले का, आरोग्यमित्र जागेवर आहेत का, हे पाहता पाहता सकाळ जाते. तरुण मंडळी यावर चिडतात. माझंही मत आहे की हे कारकुनी काम डॉक्टरच्या गळ्यात घालणं चूक आहे. पण ते रेशन कार्ड हातात घेतल्यावरच कित्येकांना पहिल्यांदा कळतं की समोरचा माणूस ज्या एसटीने आला तिचं परतीचं भाडं त्याच्याकडे नाही, आणि 'आठ दिवसांनी टाके काढायला या' हे वाक्य किती पोकळ आहे.

एक रात्र जवळून दाखवतो. पंचेचाळिशीचा शेतमजूर. गुडघे दुखतात म्हणून महिनोन्‌महिने दुकानातून गोळ्या आणून खाल्लेल्या. "जेवायला बसलो नि सुरी खुपसल्यासारखं झालं." अल्सर फुटलेले रुग्ण वेळ मिनिटापर्यंत सांगतात, ही खूण आम्हाला पुस्तकाआधी खाटेने शिकवली. मूतखड्याचा रुग्ण तळमळतो, लोळतो. हा हलत नाही. श्वाससुद्धा जपून घेतो. पोटावर हात ठेवला तर लाकडाची फळी. उभं करून काढलेल्या छातीच्या एक्सरेत श्वासपटलाच्या उजव्या पडद्याखाली हवेची काळी कोर, बीजेच्या चंद्राएवढी. झाकरी कोपचं तीव्र पोटदुखीवरचं छोटंसं पुस्तक १९२१ चं आहे. सीटी स्कॅनच्या काळातही ते वाचायला सांगतो ते याचसाठी, की त्यात हात आणि कान वापरायला शिकवलं आहे.

रात्री दोनला थिएटर मिळालं. पोट उघडल्यावर हवा फुसकन बाहेर आली आणि मागोमाग पित्त मिसळलेलं हिरवट पाणी. ड्युओडिनमच्या पुढच्या भिंतीवर मसुरीच्या डाळीएवढं भोक. माणूस मरणाच्या दारात आणून ठेवायला एवढं पुरतं. यावरचा उपाय टोरांटोच्या रॉस्को ग्रॅहॅमने १९३७ मध्ये लिहिला आणि तो अजून चालतो: भोकाच्या दोन्ही बाजूंनी तीन टाके घ्यायचे, त्यांवर ओमेंटमची, म्हणजे आतड्यांवरच्या चरबीच्या पदराची, एक घडी आणून ठेवायची आणि टाके बांधायचे. तिसऱ्या वर्षाची मुलगी ऑपरेशन करत होती, लेक्चरर समोर. तिने पहिली गाठ आवळली. समोरचा हात आला, गाठीखाली चिमट्याचं टोक घातलं. "गाठ बांध, गळफास नको. ओमेंटमला श्वास घेऊ दे." फार आवळलं की त्या पदराचा रक्तपुरवठा तुटतो आणि ठिगळ कुजतं. पुढच्या दोन गाठींना हात आला नाही. मग लिटर-लिटर सलाइनने पोट धुणं. सिस्टर मॉप, म्हणजे रक्त टिपायच्या कापडी घड्या, मोजत होत्या आणि एक कमी येत होता. वीस मिनिटं शोधाशोध. तो यकृताच्या मागे होता. आकडा जुळेपर्यंत पोट बंद होत नाही. हा नियम मोडण्याची मुभा कुणालाच नाही, विभागप्रमुखालाही नाही.

मोजणीसारख्या गोष्टी नव्या मुलांना क्षुल्लक वाटतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ऑपरेशनच्या सुरक्षिततेसाठी १९ मुद्द्यांची यादी काढली. रुग्ण तोच ना, बाजू तीच ना, ॲंटिबायोटिक दिलं ना, मॉप जुळले ना. जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली; त्यांत एक दिल्लीतलं होतं. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले: मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर. कागदाच्या एका चिठोऱ्याने निम्मे मृत्यू टळत असतील तर सर्जनच्या 'हाताच्या जादू'बद्दल आपण जरा कमी बोलावं.

आता स्वतःची गोष्ट. मी दुसऱ्या वर्षाला होतो. साठीचे एक गृहस्थ, मोठ्या आतड्याची गाठ काढून आतडं जोडलेलं, पाचवा दिवस. रात्री अकराला सिस्टरनी सांगितलं, पल्स १२४ आहे. मी पोट पाहिलं, मऊ वाटलं. ताप नाही. पाणी कमी पडलं असेल म्हणून एक सलाइन वाढवलं आणि केस पेपरवर 'लक्ष ठेवणे' असं लिहून मोकळा झालो. लेक्चररना फोन केला नाही. आदल्या रात्री एका फुटकळ गोष्टीसाठी उठवलं म्हणून त्यांनी सगळ्यांदेखत माझी खरडपट्टी काढली होती. सकाळी सहाला पल्स १४०, रक्तदाब खाली, हातपाय गार. जोड सुटला होता. पुन्हा उघडलं, सगळं केलं. नवव्या दिवशी गृहस्थ गेले.

मृत्यूंच्या मासिक बैठकीत मी उभा राहिलो आणि मला काय वाटलं ते सांगू लागलो. प्रमुखांनी थांबवलं. "तुला काय वाटलं ते राहू दे. अकराला पल्स किती होती?" सांगितली. "सहापर्यंत किती वेळा मोजलीस?" एकदाही नाही. मग ते लेक्चररकडे वळले. "याने तुला फोन का केला नाही?" त्या प्रश्नाला खोलीत उत्तर नव्हतं; पण तो विचारला गेला, हे माझ्या शिक्षणातलं सगळ्यात मोठं पान. पुढच्या राउंडला त्यांनी दर खाटेशी थांबून रुग्णाचं मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडे पाहत पूर्ण मिनिट पल्स मोजली. चाळीस खाटा. कुणी काही बोललं नाही.

चहाला गेलेला हात हाकेच्या अंतरावर असावा लागतो, आणि हाक मारण्याची भीती वाटता कामा नये. आपल्याकडच्या शल्यशिक्षणाचा मला दिसलेला सर्वांत मोठा दोष हाच. कठोरपणाला आपण गुण मानलं. "आम्ही असंच शिकलो" हे वाक्य माझ्या पिढीने इतक्यांदा उच्चारलं आहे की त्यामागे काही विचार आहे असं आम्हालाच वाटू लागलं. अपमानाने हात स्थिर होत नाही. अपमानाने फोन उचलला जात नाही, एवढंच मी पाहिलं आहे.

चुकांची उघड नोंद ठेवण्याचा आग्रह ज्याने धरला तो बोस्टनचा अर्नेस्ट कॉडमन. प्रत्येक रुग्णाचं पुढे काय झालं ते वर्षभराने तपासा आणि सर्जनची योग्यता त्यावरून ठरवा, हे त्याचं म्हणणं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुणाला मानवलं नाही आणि त्याला आपलं रुग्णालय सोडावं लागलं. आज जगभर ज्या बैठका होतात त्यांच्या मुळाशी तोच हट्ट आहे. आपल्याकडे त्या कागदोपत्री सगळीकडे होतात. कुठे खऱ्या होतात ते निवासी डॉक्टरांना पहिल्या महिन्यात कळतं.

तासांचा वाद यालाच लागून आहे. १९८४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन नावाची अठरा वर्षांची मुलगी रुग्णालयात दाखल झाल्यावर काही तासांत वारली. तिच्या पत्रकार वडिलांनी थकलेल्या, देखरेखीविना राबणाऱ्या निवासी डॉक्टरांचा प्रश्न न्यायालयात आणि वर्तमानपत्रांत लावून धरला. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली, २००३ मध्ये ती अमेरिकाभर लागू झाली. आपल्याकडे केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी योजनेत सर्वसाधारणपणे दिवसाला सलग १२ आणि आठवड्याला ४८ तास असं लिहिलेलं आहे. हे वाक्य जेआर वनला वाचून दाखवलं तर तो हसेल. झोपेत असेल तर हसणारही नाही. दर काही वर्षांनी मार्डचा, म्हणजे निवासी डॉक्टरांच्या संघटनेचा, संप होतो. मागण्या त्याच: तास, विद्यावेतन, सुरक्षा आणि राहायला जागा. 'निवासी' म्हणवणाऱ्याला निवासासाठी संप करावा लागतो यातला विनोद मंत्रालयापर्यंत पोचलेला नाही.

तास कमी केल्याने सगळं सुटतं असंही नाही. पाळ्या वाढल्या की रुग्ण एका हातातून दुसऱ्या हातात जास्त वेळा जातो, आणि प्रत्येक वेळी काहीतरी सांगायचं राहतं. अमेरिकेतल्या ११७ शल्य-प्रशिक्षण केंद्रांत झालेला मोठा अभ्यास २०१६ मध्ये छापून आला. पाळ्यांचे नियम थोडे सैल ठेवले तरी रुग्णांचं नुकसान वाढलं नाही, असं त्यात दिसलं. काही ज्येष्ठांनी तो विजयपताकेसारखा फडकवला. पण तिथे आठवड्याची ८० तासांची मर्यादा दोन्ही गटांना होती, हे सांगायला ते विसरले.

हातांविषयी इतकं लिहिलं, पण दरम्यान हातच पोटाबाहेर आले आहेत. जेजेमध्ये डॉ. तेहम्टन उदवाडिया १९७२ पासून दुर्बिणीने पोटात डोकावून निदान करत होते. १९९० मध्ये त्यांनी देशातलं दुर्बिणीने पित्ताशय काढण्याचं पहिलं ऑपरेशन तिथेच केलं. महागडी परदेशी कला म्हणून ज्याची हेटाळणी झाली ते सरकारी रुग्णालयातल्या गरीब रुग्णांवर सुरू झालं, ही गोष्ट आपण पुरेशा अभिमानाने सांगत नाही. शिकवण्याच्या दृष्टीने मात्र त्याने एक पेच आणला. उघड्या पोटात समोरचा हात गाठीखाली चिमटा घालू शकत होता. पडद्यावर पाहताना सर फक्त बोलू शकतात. म्हणून खोक्यातला सराव आता सक्तीचा झाला आहे: लांब दांड्याच्या चिमट्याने शेंगदाणे उचलणे, द्राक्षाची साल सोलणे. कोहळा आणि दुधी गेले, द्राक्षं आली.

'जनरल' या शब्दाविषयी थोडं. मूत्रमार्ग, प्लास्टिक, मेंदू, हृदय, लहान मुलं, सगळे एकेक करून वेगळे निघाले. एकत्र कुटुंबातले भाऊ वेगळे होतात आणि घर, म्हातारे आईवडील नि सगळी आजारपणं थोरल्याकडे राहतात, तसं जनरल सर्जनचं झालं आहे. हुशार मुलं पहिल्या वर्षापासूनच सुपर स्पेशालिटीच्या प्रवेशपरीक्षेची पुस्तकं उशाशी ठेवतात. मी त्यांना दोष देत नाही. पण २०१५ च्या लॅन्सेट आयोगाने हिशेब मांडला तेव्हा जगातल्या पाच अब्ज लोकांना सुरक्षित, परवडणारी शस्त्रक्रिया वेळेत मिळत नाही असं निघालं. रुग्णालय सक्षम आहे का हे ओळखायला आयोगाने तीन खुणा सांगितल्या: तिथे सिझेरियन होतं का, पोट उघडता येतं का, आणि हाड बाहेर आलेलं फ्रॅक्चर सांभाळता येतं का. यातली मधली खूण जनरल सर्जनची आहे. नव्या नियमांनुसार पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. बरेच जण ते 'सुटी' समजून जातात. जिथे सीटी मशिन बंद आहे, भूलतज्ज्ञ शेजारच्या तालुक्यातून यायचा आहे आणि समोर रेड्याने शिंग मारलेला माणूस आहे, तिथे आपण नक्की काय शिकलो ते कळतं. परत आलेली काही मुलं वेगळ्याच आवाजात बोलायला लागलेली मी पाहिली आहेत.

परीक्षेविषयी पुढे स्वतंत्र प्रकरण आहे, तेव्हा इथे पाल्हाळ नको. लाँग केस, शॉर्ट केसेस, टेबलावरची हत्यारं आणि एक्सरे. बाहेरून आलेले परीक्षक. साधारणपणे नीट वागलेला विद्यार्थी पास होतो. ज्यांना केईएमच्या वॉर्डातलं एका काळचं जीवन आतून पाहायचं आहे त्यांनी डॉ. रवी बापट यांचं 'वॉर्ड नं. पाच, केईएम' वाचावं. मराठीत या विषयावर इतकं मोकळं दुसरं पुस्तक माझ्या वाचनात नाही.

नव्याने येणाऱ्या मुलामुलींना शेवटी एवढंच: रात्री फोन करा. शिव्या बसल्या तर सकाळपर्यंत विसरता येतात. मॉनिटर लावलेला असला तरी मनगट हातात घ्या. आणि सेकंदकाटा असलेलं एक साधं घड्याळ विकत घ्या. ओटीत मनगटावर चालत नाही, एप्रनच्या खिशात ठेवा.